आवाजाचा रकाना

पंपहाऊसमधले सगळे त्याला कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं; पण सात पंपांपैकी कुठला कुरकुरतोय हे तो फाटकातून आत येता येताच सांगायचा. हातभर लांबीची एक पोलादी सळई त्याच्याकडे होती, एका टोकाला लाकडी मूठ. सळईचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत जे काही चाललं असेल ते हाडातून सरळ डोक्यात उतरतं. वेळ लागतो, पण शिकता येतं. हे काम करून त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

दर तासाला लॉगबुक भरायचं. दाब, अँपिअर, बेअरिंगची उष्णता आणि शेवटचा रकाना आवाजाचा. आधीच्या तीन रकान्यांतले आकडे बदलत राहायचे. शेवटच्या रकान्यात मात्र एकच शब्द, पानामागून पान, खाली उतरत गेलेला असायचा: नेहमीचा.

"त्याचा एक शिक्का करून घे," जोडीचा फिटर म्हणायचा. "हात तरी दुखणार नाही."

कानसेन हसायचा. पण कानाची एक खोड त्याला पक्की ठाऊक होती आणि नव्या माणसांना तो ती बजावूनही सांगायचा. आवाज एकदम बदलला तर बहिऱ्यालाही कळतं. रोज रत्तीभर बदलला, तर कान त्याच्याबरोबर सरकत जातो आणि शेवटपर्यंत तुम्ही 'नेहमीचा' लिहीत राहता.

दुसऱ्यांना सांगितलेलं स्वतःच्या घरी उपयोगी पडलं नाही.

दोघं भाऊ एकाच इमारतीत चौथ्या मजल्यावर समोरासमोर राहायचे. याचं लग्न राहून गेलं होतं, त्यामुळे जेवण दादाकडेच. दादा पुस्तकं बांधायचा. बोटांना कायम खळीचा वास. तीन वर्षांनी मोठा. इमारतीला लिफ्ट नव्हती. शेवटच्या वर्षी जिना चढताना दादाला धाप लागायला लागली. दोन लांब श्वास, एक तोकडा, आणि त्या तोकड्याच्या शेवटी बारीक शिटी, किटलीचं झाकण नीट न बसल्यासारखी. कानसेनला ती पहिल्या मजल्यापासून ऐकू यायची. सुरुवातीला त्याने हटकलंही होतं. "वय झालं रे," दादा म्हणाला. मग रोजच ऐकू येऊ लागली, आणि रोजची झाली.

त्या संध्याकाळी दोघं बाजारातून परतत होते. पिशव्या कानसेनच्या हातात होत्या, भूक लागली होती, दादा फार सावकाश चढत होता. "मी होतो पुढे," असं म्हणून तो दोन दोन पायऱ्या चढत वर आला. शिटी मागून येत राहिली. तिसऱ्या मजल्याच्या चौकात ती थांबली. थांबल्याचं त्याने ऐकलं. दादा तिथल्या शेजाऱ्याशी बोलत उभा राहिला असेल, असं वाटून त्याने किल्ली काढली, कुलूप उघडलं, पिशव्या ठेवल्या, हात धुतले. हात पुसताना त्याच्या ध्यानात आलं, की शिटी थांबली पण बोलणं सुरू झालं नाही.

दादा एक्कावन्न वर्षांचा होता. त्यांचे वडीलही एक्कावन्नाव्या वर्षीच गेले होते, दुपारच्या झोपेत.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आता कानसेनला पन्नास पूर्ण झाली होती, आणि एक्कावन्नाला आठ महिने राहिले होते.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी होती. त्याचा रक्तदाब मोजून तिने पट्टा सोडला आणि म्हणाली, "पळा."

"कुणापासून?"

"तुमच्या पोटापासून. आधी चाला, मग थोडं पळा, मग पुन्हा चाला. तीन महिन्यांनी या."

घरी ही बातमी ऐकून पुतणीला कोण आनंद झाला. तिला सगळे चिंगी म्हणायचे. पंचविशी उलटली तरी तेच. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. तिने त्याच्या फोनवर एक बाई बसवून दिली, जी कानात सांगायची: आता एक मिनिट धावा, आता दोन मिनिटं चाला. बूटही तिनेच आणले, पोपटी रंगाचे.

"अगं, हे घालून मी पंपहाऊससमोरून जायचं?"

"काका, अंधारात दिसायला बरे."

"मी उजेडी पळणार आहे."

"मग लांबून दिसायला बरे. लोक बाजूला होतील."

वहिनी पदराआड हसल्या. दादा गेल्यापासून त्या कमी बोलायच्या, पण नेम चुकायचा नाही. "भाऊजी, बूट पळतात का तुम्ही, ते एकदा ठरवून घ्या."

"तूही चल की," कानसेन चिंगीला म्हणाला.

"मी नाही हं. मला लगेच दम लागतो. लहानपणापासून शर्यतीत शेवटून पहिली."

हे बोलणं त्याने ऐकलं आणि सोडून दिलं.

पंपहाऊसपासून वस्तीच्या टाकीपर्यंत दोन किलोमीटर लांबीचा एक मोठा लोखंडी पाइप गेला होता, पुरुषभर उंचीचा, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकवलेला. त्याच्या कडेने देखभालीचा मातीचा रस्ता. एका हाताला पाइप, दुसऱ्या हाताला गोदामांची सलग भिंत. आठच्या पाळीआधी, सहा वाजता, तिथे चिटपाखरूही नसायचं. कानसेनने पळायला तीच जागा निवडली, कारण पडलो तर कुणी बघायला नको.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट म्हणजे काय हे त्याला नव्याने कळलं. छातीचा भाता, तोंडाला कोरड, पोटऱ्यांत लाकडं. कानातली बाई मात्र गोड: "छान चाललंय." "तुझ्या बापाचं काय जातंय," असं तो तिला रोज म्हणायचा. पण तिसऱ्या आठवड्यात मिनिटाची दोन झाली, मग तीन. पट्टा एक भोक आत गेला. फिटर म्हणाला, "कानसेनचा पायसेन झाला." कानसेन सकाळी बसल्या बसल्या नाडी मोजायचा आणि लॉगबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायचा. ब्याऐंशी, एकोणऐंशी, चौऱ्याहत्तर. आकडे उतरत होते.

सहाव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी बाई म्हणाली, "आता आठ मिनिटं धावा." तिसऱ्या मिनिटाला त्याच्या लक्षात आलं की आपला श्वास ऐकू येत नाही. पाय पडत होते, पाइप नेहमीसारखा घुमत होता, पण धाप नव्हती. दुसरा कुणी खूश झाला असता. कानसेन झाला नाही. पाणी ओढायचं थांबलेला पंप काही क्षण असाच हलका चालतो, हे त्याला माहीत होतं.

आणि मग धाप ऐकू आली. ती त्याच्या छातीत नव्हती. मागे होती, वीसेक पावलांवर.

त्याने मान वळवली. रस्ता रिकामा. त्याच्याच बुटांनी उडवलेली धूळ खाली बसत होती. तो थांबला. धाप थांबली नाही. थोडी जवळ आली, दहा-बारा पावलांवर, आणि तिथे राहिली. माणूस दम खात उभा राहतो तशी.

त्याचा पेशा असा, की आवाज आला म्हणजे त्याला कारण असणार. त्या दिवशी घाबरण्याआधी त्याने कारण शोधलं. पाइपावर ठरावीक अंतरावर हवेचे व्हॉल्व्ह असतात. आत अडकलेली हवा ते फुसकन सोडतात, आणि लांबून ऐकलं तर माणूस सुस्कारतोय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो सळई घेऊन आला आणि एकेका व्हॉल्व्हला टेकवून ऐकत गेला. एकही फुसकत नव्हता. मग भिंतीचा प्रतिध्वनी असेल म्हणून त्याने टाळी वाजवून पाहिली. टाळी परत आली, पण लगेच, आणि टाळीसारखीच. कानातली बाई बंद केली, फोन रस्त्यावर ठेवून पन्नास पावलं पुढे गेला. धाप फोनच्या बाजूने आली नाही. जिथून यायची तिथूनच आली.

दोन गोष्टी त्याने त्या आठवड्यात ओळखल्या. तो धावला की धाप मागे पडायची आणि चालला की जवळ यायची. आणि त्या धापेला पावलं नव्हती. नुसता श्वास, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर.

तिसरी गोष्ट त्याला पहिल्या दिवसापासून कळली होती, पण ती त्याने शनिवारपर्यंत स्वतःला कळू दिली नाही. दोन लांब, एक तोकडा, आणि शेवटी शिटी.

रविवारपासून त्याने पळणं बंद केलं.

"का हो, बूट रुसले?" वहिनींनी विचारलं.

"गुडघा धरलाय."

"कुठला?"

"दोन्ही."

वहिनींनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं.

पळणं थांबवून आठ दिवस झाले. नवव्या दिवशी पाळी संपवून तो जिना चढत होता. बाहेर लख्ख ऊन, खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं. दुसऱ्या मजल्यावर पोहोचला तेव्हा खालून, पहिल्या मजल्यावरून, श्वास आला. त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं. रिकाम्या पायऱ्या, कोपऱ्यात कुणाची तरी उलटी पडलेली चप्पल. तो तिसरा मजला चढला, श्वास दुसऱ्यावर. चौथ्यावर पोहोचून दाराशी उभा राहिला. श्वास तिसऱ्याच्या चौकापर्यंत आला आणि थांबला. ते थांबणं कानसेनला आवाजापेक्षा मोठं वाटलं. त्याने किल्ली काढली. तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"भाऊजी, दारात काय उभे? जेवायला या."

"वहिनी, जिन्यात कुणी आहे का बघा."

वहिनी बाहेर आल्या, वाकल्या, पाहिलं. "कुणी नाही. का?"

"काही नाही. वाटलं."

रोज असंच झालं. तो पळायचा तेव्हा धाप मागे राहायची. त्याने पळणं सोडलं तशी ती घरापर्यंत आली होती. आता ती आपल्याला गाठणार, हा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का बसला. लॉगबुकाच्या मागच्या पानावरची नाडी सत्तावन्नवर आली होती. दुसऱ्या कुणी त्याला सांगितलं असतं, की नाडी उतरणं हे तब्येत सुधारल्याचं लक्षण आहे. पण त्याने कुणाला विचारलं नाही. तो पंपवाला, फेरे कमी पडायला लागले की यंत्र बंद पडणार, एवढंच त्याचं शास्त्र. शेवटचा फेरा कुठल्या तारखेला पडेल, ते तो मनात मांडत बसायचा. तारीख एक्कावन्नाच्या अलीकडेच यायची.

शेवटी वहिनींनीच विषय काढला. "दोन माणसं या घरातून त्या वयात गेली. तिसरं मला बघायचं नाही. उद्यापासून पळायला जायचं. चिंगे, तूही जा काकांबरोबर. सोबत असली की गुडघे दुखत नाहीत."

"आई, मला दम लागतो म्हटलं ना."

"लागू दे. तरुण वयात दम लागतो म्हणायला लाज नाही वाटत?"

दुसऱ्या दिवशी सहाला दोघं पाइपाच्या रस्त्यावर आली. चिंगीने आईची जुनी शाल कमरेला बांधली होती. खंड पडला म्हणून कानातल्या बाईने त्याला मागच्या धड्याला बसवलं होतं: तीन मिनिटं धावा. चिंगीची टकळी चालू होती. दुकानात आलेला एक आजोबा कसा दोन्ही चष्मे एकावर एक घालून वाचतो, मालकीण कशी काचांवर बोटं उमटवते आणि शिव्या चिंगीला देते. ती आधी पुढे होती, मग शेजारी आली, मग हळूहळू मागे राहिली. टकळी थांबली.

मागून धाप आली.

कानसेनने वेग वाढवला. दोन लांब, एक तोकडा, शिटी. आज ती मागे पडत नव्हती. मागे बघायचं नाही, हे त्याचं ठरलेलं होतं. नेहमीचाच आहे, तो मनाशी म्हणाला. नेहमीचा आवाज आहे.

हा शब्द मनात उमटला मात्र, त्याचा वेग उतरला. सव्वीस वर्षं लिहिलेला शब्द. तिसऱ्या मजल्यावर शिटी थांबली तेव्हाही त्याच्या डोक्यात हाच शब्द होता.

तो ऐकू लागला. भीतीने नव्हे, सळई कानामागे धरल्यावर ऐकायचा तसा. आणि तेव्हा त्याला कळलं की आज या धापेला पावलं आहेत. थप, थप, आणि मधेच घासल्यासारखं.

तो वळला.

चिंगी पंधरा पावलांवर होती. हसत होती, पण ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. "चला की," ती म्हणाली. "का थांबलात? तीन मिनिटं नाही झाली अजून." दोन लांब, एक तोकडा, आणि शिटी.

"खाली बस."

"काही नाही झालंय काका."

"बस म्हणतो ना." त्याने तिला काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवलं. पाठीशी पाइप घुमत होता. "कधीपासून आहे हे?"

"काय?"

"हा श्वास."

"दम लागलाय हो. माझं नेहमीचं आहे."

"नेहमीचं म्हणजे कधीपासूनचं?"

काकांचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. "शाळेपासून थोडा. या वर्षी जास्त. दोनदा दुकानात डोळ्यांपुढे अंधारी आली. आईला सांगू नका."

तिचा श्वास खाली बसेपर्यंत तो तिच्याजवळ उभा राहिला. श्वास शांत झाल्यावर त्याने सवयीने आणखी एक ऐकलं: मागचा रस्ता. तिथे काहीच नव्हतं. इतके दिवस जे त्याच्या मागे येत होतं, ते आज आलंच नव्हतं. चिंगी तर त्या सगळ्या दिवसांत सात वाजेपर्यंत झोपलेली असायची. वहिनींच्या हाका त्याने जिन्यातून ऐकल्या होत्या.

त्या दिवशी पाळीला न जाता तो पोपटी बुटांनिशी तिला दवाखान्यात घेऊन गेला. "लोक बघतायत काका, लग्नाची वरात निघाल्यासारखं चाललोय आपण," ती म्हणत होती. डॉक्टरीणबाईने तिच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. कानसेन तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. ती नळी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत होती, आणि एका ठिकाणी परत येऊन थांबली. हे परत येऊन थांबणं त्याच्या ओळखीचं होतं.

मग मोठं इस्पितळ, पडद्यावर हृदय हलताना दाखवणारं यंत्र, दोन दिवस. हृदयाची भिंत जाड झाली होती. घराण्यात चालत येतं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. वडिलांना, आजोबांना बहुधा हेच असणार. पळणं पूर्ण बंद, गोळ्या आजपासून, आणि पुढच्या महिन्यात छातीत एक छोटं यंत्र बसवायचं, जे हृदय चुकलं तर सावरून घेईल. "वेळेत आलात," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं?"

चिंगीने काकांकडे बोट दाखवलं. "यांच्या. आवाजावरून."

त्यांनी कानसेनलाही त्याच पडद्यासमोर झोपवलं. त्याची भिंत बरोबर होती. "आणि नाडी कमी आहे ती पळण्यामुळे," डॉक्टर म्हणाले. "चांगलं आहे. चालू ठेवा."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर चिंगी झोपायला गेली. वहिनी भांडी पुसत होत्या.

"भाऊजी, एक विचारू? त्यांचा श्वास तुम्हाला ऐकू येत होता ना?"

त्याने मान खाली घातली. "येत होता."

वहिनींनी हातातलं ताट पालथं घातलं. "मलाही येत होता," त्या म्हणाल्या. "वर्षभर रोज जिन्यातून ऐकला. आले, असं समजून आमटीखालचा गॅस पेटवायचे."

मग त्या उठल्या आणि त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

यंत्र बसवून चिंगी घरी आल्यानंतरच्या सोमवारी तो पुन्हा पाइपाच्या रस्त्यावर गेला. चिंगीही आली होती, धावायला नव्हे; ठोकळ्यावर शाल घेऊन बसली आणि "तुमच्या बाईपेक्षा मी बरी ओरडते," म्हणाली. तो धावू लागला. मागे काही नव्हतं. पहिला व्हॉल्व्ह गेला, दुसरा गेला, भिंत संपत आली. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो मात्र कान मागे लावून धावत होता, कुणाला हाक मारून उत्तराची वाट पाहावी तसा.

वळणापाशी त्याला श्वास ऐकू आला. पुढून.

तीसेक पावलांवर, रिकाम्या रस्त्यावर. पावलं नव्हती. एक लांब, मग दुसरा लांब, मग तिसराही तेवढाच लांब. शिटी नव्हती. घाई नसलेल्या, पिशव्या दुसऱ्याच्या हातात दिलेल्या माणसाचा श्वास.

कानातली बाई म्हणाली, "आणखी दोन मिनिटं धावा."

कानसेनने धावणं थांबवलं. तो चालू लागला, सावकाश, पुढचं अंतर कमी होणार नाही अशा बेताने, आणि टाकीपर्यंत तसाच मागे मागे गेला. तिथे श्वास ऐकू येईनासा झाला. तो थोडा वेळ तिथे उभा राहिला आणि परत फिरला.

आठ वाजता पाळी सुरू झाली. त्याने सातही पंपांना सळई लावली, प्रत्येकाला आधीपेक्षा जास्त वेळ. दाब लिहिला, अँपिअर लिहिले, उष्णता लिहिली. शेवटच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. फिटर खांद्यावरून डोकावला.

"लिही की. नेहमीचा."

"थांब," कानसेन म्हणाला, "पुन्हा एकदा ऐकतो," आणि सळई घेऊन उठला.